खाशाबांच्या ऑलिंपिकमध्ये वांद्र्याच्या मेरी डिसोझाही धावल्या होत्या, त्यांचं नाव आपल्याला का माहीत नाही?

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की भंडारा जिल्ह्यातल्या गावांची पहाट बदलते. तुमसर तालुक्यातल्या आंबागडसारख्या गावात, सातपुड्याच्या टेकड्यांच्या पायथ्याशी, धानाच्या बांध्यांमधून जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर पोरंपोरी धावायला लागतात. कुणाच्या पायात बूट, कुणाच्या पायात कॅनव्हासचे जुने जोडे. मोबाईलवर स्टॉपवॉच लावलेलं असतं आणि रस्त्याच्या कडेला चुन्याने रेघ मारलेली असते. मुलींना भरतीत दोन शर्यती धावाव्या लागतात. एक १०० मीटरची आणि दुसरी ८०० मीटरची.

यातली ८०० मीटरची शर्यत आज कुणालाही फार मोठी वाटत नाही. गावातली बारावी झालेली मुलगी महिन्या-दोन महिन्यांच्या सरावात ती सहज पूर्ण करते. पण १९५२ साली जगातल्या सगळ्यात मोठ्या क्रीडा स्पर्धेत, म्हणजे हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, ही शर्यत बायकांसाठी नव्हतीच. एवढं अंतर बायकांना झेपणार नाही, असं ठरवून ती काढून टाकलेली होती.

त्याच हेलसिंकीत भारताकडून दोन मुली पहिल्यांदाच ॲथलेटिक्सच्या ट्रॅकवर उतरल्या. एक होत्या कलकत्त्याच्या नीलिमा घोष. दुसऱ्या होत्या मुंबईत वांद्र्याला वाढलेल्या मेरी डिसोझा.

हेलसिंकी म्हटलं की मराठी माणसाला एकच नाव आठवतं, ते म्हणजे खाशाबा जाधव. आणि ते बरोबरच आहे. पण खाशाबांची गोष्ट आपल्याला जितकी पाठ आहे, तितकीच मेरींची अनोळखी आहे. गंमत अशी की दोघांच्या गोष्टीची सुरुवात जवळपास सारखीच होते. पैसे नसण्यापासून.

एकासाठी घर गहाण, दुसरीसाठी पत्त्यांचा डाव

खाशाबांचा किस्सा शाळेच्या भाषणांमध्येही येतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचं तर खिशात पैसे नाहीत. गावाने वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले, असं सांगितलं जातं. खाशाबा गेले, ५७ किलो गटात कांस्यपदक जिंकले आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदकविजेते ठरले. परत आल्यावर बैलगाड्यांच्या मिरवणुकीने त्यांचं स्वागत झालं.

मेरींचं घर गोळेश्वरपासून फार लांब, वेगळ्याच जगात. वांद्रे तेव्हा आजच्यासारखं नव्हतं. चर्च, कौलारू बंगले, वाड्या, जिमखाने आणि संध्याकाळी हॉकी खेळणारी पोरं असं ते उपनगर होतं. मेरींचा जन्म १९३१ चा. घर माणसांनी भरलेलं, भावंडं भरपूर. निवड झाली, पण प्रवासाचा खर्च सरकार करणार नाही, तो स्वतःच उभा करायचा, असं त्यांना कळलं. घरातून एवढी रक्कम निघणं शक्य नव्हतं.

मग वांद्र्याने जे केलं ते वांद्र्याच्या पद्धतीने केलं. मित्रमंडळींनी तिकीट लावून नाचाचा कार्यक्रम ठेवला आणि 'व्हिस्ट ड्राइव्ह' भरवला. व्हिस्ट हा पत्त्यांचा खेळ, ब्रिजचा पूर्वज म्हणावा असा. चार-चार जणांची टेबलं लावायची, प्रत्येकाने प्रवेशाचे पैसे भरायचे, डाव संपला की जिंकणारे पुढच्या टेबलावर सरकायचे आणि शेवटी बक्षिसं. चर्चच्या दुरुस्तीसाठी, शाळेच्या मदतीसाठी ख्रिस्ती वस्त्यांमध्ये अशाच पद्धतीने पैसा उभा राहायचा. या वेळी तो एका मुलीला फिनलंडला पाठवायला उभा राहिला.

कराड आणि वांद्रे, दोन्ही तेव्हा एकाच मुंबई राज्यात होती. एकाच सरकारच्या हद्दीतले दोन खेळाडू, एकच ऑलिंपिक. दोघांनाही लोकांनी वर्गणी काढून पाठवलं.

त्याआधी दिल्लीत काय घडलं होतं?

मेरींची निवड काही उगाच झालेली नव्हती. मार्च १९५१ मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. ११ देश आले होते. या स्पर्धेत बायकांसाठी फक्त ॲथलेटिक्स होतं, आणि त्यातल्या सगळ्या शर्यतींवर जपानी मुलींचं राज्य होतं.

जपान इतका पुढे कसा, हा प्रश्न पडणं साहजिक आहे. महायुद्धात बेचिराख झालेला देश, त्याला १९४८ च्या ऑलिंपिकला बोलावलंही नव्हतं. पण जपानी मुलींच्या धावण्याला तोवर वीस-पंचवीस वर्षांची परंपरा होती. किनुए हितोमी या जपानी धावपटूने १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरचं रौप्यपदक मिळवलं होतं. भारतात त्या काळात मुलींनी मैदानावर धावणं हीच मुळात मोजक्या शाळांमधली गोष्ट होती.

अशा स्पर्धेत मुंबईच्या दोघी चमकल्या. रोशन मिस्त्री यांनी १०० मीटरमध्ये रौप्य मिळवलं. मेरी डिसोझा यांनी २०० मीटरमध्ये कांस्य मिळवलं. आणि ४ बाय १०० मीटर रिलेमध्ये भारतीय मुलींना रौप्य मिळालं, त्यातही या दोघी होत्या. पुरुषांमध्ये १०० आणि २०० मीटर अशी दोन्ही सुवर्णपदकं जिंकणारे लेव्ही पिंटोही मुंबईचेच. म्हणजे त्या वर्षी भारतातला वेग मुंबईत राहत होता, असं म्हटलं तरी चालेल.

या नावांकडे पुन्हा एकदा बघा. मिस्त्री, डिसोझा, पिंटो. पुढे येतील ती नावं पीटर्स आणि ब्राऊन. पारशी, गोवन आणि वांद्र्याकडची ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन. इतर घरांतल्या मुलींच्या पायांत वेग नव्हता असं थोडंच आहे? पण कॉन्व्हेंट आणि मिशनच्या शाळांमध्ये मुलींना पी.टी. होती, वार्षिक क्रीडादिन होता, हॉकीची टीम होती आणि अर्ध्या चड्डीत धावलं म्हणून घरी कुणी ओरडत नव्हतं. बाकीच्या बहुतेक घरांत मुलगी न्हाती झाली की पळणं बंद. देशाच्या लोकसंख्येचा एक बारीकसा तुकडा तेवढा धावत होता, आणि त्यातून टीम निवडली जात होती.

१.१ सेकंद म्हणजे किती मीटर?

१९ जुलै १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकचं उद्घाटन झालं. आदल्याच दिवशी मेरींना २१ वर्षं पूर्ण झाली होती. भारताच्या पथकात ६० पुरुष होते आणि ४ बायका. ट्रॅकवर मेरी आणि नीलिमा, पोहण्यात मुंबईच्या डॉली नाझीर आणि कलकत्त्याची आरती साहा. आरती तर अवघी ११ वर्षांची होती. हीच मुलगी पुढे १९५९ मध्ये इंग्लिश खाडी पोहून गेली.

मेरी १०० आणि २०० मीटर अशा दोन्ही शर्यतींत धावल्या आणि दोन्हीत पहिल्या फेरीतच बाहेर पडल्या. नीलिमा १०० मीटर आणि ८० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत धावल्या, त्यांचंही तेच झालं.

यात आश्चर्य काही नव्हतं. दिल्लीत आशियातल्या सगळ्यात वेगवान मुलीने, जपानच्या कियोको सुगिमुराने, १०० मीटरला १२.६ सेकंद घेतले होते. हेलसिंकीत ऑस्ट्रेलियाच्या मार्जरी जॅक्सनने सुवर्ण जिंकलं ते ११.५ सेकंदांत. फरक १.१ सेकंदाचा. ऐकायला किरकोळ वाटतो. पण त्या वेगाने धावणारी मुलगी एका सेकंदात जवळपास आठ मीटर कापते. म्हणजे जॅक्सनने रेषा ओलांडली तेव्हा आशियाची विजेती साधारण नऊ मीटर मागे असती. बसच्या लांबीएवढं अंतर.

हे आकडे आजच्या आकड्यांशी ताडून बघताना दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. एक म्हणजे ट्रॅक. तेव्हाचा ट्रॅक राखेचा आणि भट्टीतल्या जळक्या चुऱ्याचा असायचा. पाऊस पडला की जड, ऊन पडलं की भुसभुशीत. प्रत्येक पावलाला थोडी ताकद जमिनीतच जिरायची. आज दिसतो तसा सिंथेटिक ट्रॅक ऑलिंपिकमध्ये आला तो १९६८ ला, मेक्सिकोत. दुसरी गोष्ट उलट्या बाजूची आहे. तेव्हाची वेळ हाताने स्टॉपवॉच दाबून घ्यायचे. पंच बंदुकीचा धूर बघून बटण दाबणार, त्याला दाबायला एक क्षण जास्त लागणार. म्हणून हाताने घेतलेली वेळ खऱ्या वेळेपेक्षा थोडी कमी, म्हणजे जास्त चांगली दिसते. हा फरक साधारण ०.२४ सेकंद धरतात. आज १०० मीटरचा भारतीय महिलांचा राष्ट्रीय विक्रम द्युती चंद यांच्या नावावर आहे, ११.१७ सेकंद, २०२१ मधला, आणि तो इलेक्ट्रॉनिक घड्याळावरचा.

(गावात मोबाईलवर वेळ लावून 'माझी शंभर मीटर तेरामध्ये बसते' म्हणणाऱ्यांची भरतीच्या मैदानावर निराशा का होते, त्याचं एक कारण हेच.)

पण मग फक्त छोट्याच शर्यती का?

इथे सुरुवातीच्या ८०० मीटरकडे परत यावं लागतं.

ऑलिंपिकमध्ये बायकांचं ॲथलेटिक्स सुरू झालं १९२८ ला. त्यात ८०० मीटरची शर्यत होती. जर्मनीच्या लीना राडकेने ती विश्वविक्रमी वेळेत जिंकली, किनुए हितोमी दुसरी आली. शर्यत संपल्यावर काही जणी दमून गवतावर बसल्या, आडव्या झाल्या. पुरुष धावपटूही शर्यतीनंतर असेच आडवे होतात. पण वर्तमानपत्रांनी मुली कोसळल्या, बेशुद्ध पडल्या अशी रंगवून वर्णनं छापली. झालं. बायकांची ८०० मीटर ऑलिंपिकमधून गेली ती थेट १९६० ला परतली.

त्यामुळे १९५२ मध्ये धावणाऱ्या मुलीपुढे पर्यायच किती होते? १०० मीटर, २०० मीटर, ८० मीटर अडथळे आणि ४ बाय १०० रिले. बास. एखादीचा दम मोठा, पण सुरुवात मंद असेल, तर तिच्यासाठी ऑलिंपिकमध्ये शर्यतच नव्हती. ४०० मीटर बायकांसाठी आली १९६४ ला, १५०० मीटर १९७२ ला, मॅरेथॉन १९८४ ला.

या तारखांशेजारी भारताच्या तारखा ठेवल्या की चित्र स्पष्ट होतं. १९६४ ला टोकियोत ४०० मीटर पहिल्यांदा आली, आणि त्याच ऑलिंपिकमध्ये भारताच्या स्टेफी डिसोझा ४०० मीटर धावल्या. १९७० ला बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत कमलजीत संधू यांनी वैयक्तिक सुवर्ण जिंकलं, कुठल्याही भारतीय महिलेचं त्या स्पर्धेतलं पहिलं. तेही ४०० मीटरमध्येच. शुद्ध वेगात आपण मागे होतो, पण अंतर वाढलं की फरक भरून निघत होता. मेरींच्या पिढीला ते वाढीव अंतर मिळालंच नाही.

मेरी हॉकीही खेळायच्या, नुसत्या हौसेपुरती नाही, भारताकडून. १९५३ मध्ये इंग्लंडमधल्या फोकस्टनला झालेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत भारतीय महिला संघ गेला होता, त्यात त्या होत्या. दोन वेगवेगळ्या खेळांत देशाकडून खेळलेल्या भारतीय मुली त्या काळात हाताच्या बोटांवर मोजाव्या इतक्या. पण तिथेही दार बंदच. पुरुषांच्या हॉकीत भारत ऑलिंपिकमागून ऑलिंपिक सुवर्ण जिंकत होता, आणि बायकांची हॉकी ऑलिंपिकमध्ये आली १९८० ला.

मनिला, मे १९५४

मेरींच्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी शर्यत हेलसिंकीतली नाही. ती मनिलातली आहे.

दुसऱ्या आशियाई स्पर्धा फिलिपिन्समध्ये झाल्या. ४ बाय १०० मीटर रिलेला भारताकडून चौघी उतरल्या. ख्रिस्तीन ब्राऊन, स्टेफी डिसोझा, व्हायोलेट पीटर्स आणि मेरी डिसोझा. समोर पुन्हा जपान. तीन वर्षांपूर्वी दिल्लीत याच जपानने भारताला मागे टाकलं होतं.

रिले ही शर्यत थोडी समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यात जास्त वेगवान चार मुली हरू शकतात. पहिली मुलगी स्थिर उभी राहून सुरुवात करते, तिला वेग पकडायला वेळ लागतो. बाकी तिघी बॅटन हातात येण्याआधीच पळायला लागलेल्या असतात. त्यामुळे चौघींची मिळून वेळ ही चार स्वतंत्र १०० मीटरच्या बेरजेपेक्षा कमी येते, येायलाच हवी. पण अट अशी की बॅटन ठरलेल्या पट्ट्यातच हातबदल झाली पाहिजे. तो पट्टा तेव्हा २० मीटरचा होता. पुढची मुलगी लवकर निघाली तर बॅटन पट्ट्याबाहेर जाणार आणि संघ बाद. उशिरा निघाली तर मागून येणारीला ब्रेक लावावा लागणार. दोघी पूर्ण वेगात असताना, मागे न बघता, २० मीटरमध्ये, म्हणजे अडीच-तीन सेकंदांत ते जमवायचं. तेही तीनदा.

त्या दिवशी भारतीय चौघींनी ते जमवलं. वेळ ४९.५ सेकंद. म्हणजे एकीच्या वाट्याला सरासरी १२.४ सेकंदही नाहीत. दिल्लीत वैयक्तिक सुवर्ण जिंकणाऱ्या सुगिमुराची वेळ १२.६ होती, हे आठवलं की बॅटन बदलण्यात किती वेळ वाचतो ते कळतं. जपान दुसरा आला. आशियाई स्पर्धेत भारतीय महिलांनी जिंकलेलं हे पहिलं सुवर्ण.

मग विसर कसा पडला?

एक कारण नावांचा गोंधळ. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला भारताच्या एकच महिला खेळाडू गेल्या, त्यांचं नाव मेरी लीला राव. त्या वेगळ्या. १०० मीटरच्या पहिल्याच फेरीत दुखापतीने त्यांची शर्यत संपली. स्टेफी डिसोझाही वेगळ्या, आणि त्याही धावपटू नि हॉकीपटू. दोन मेरी, दोन डिसोझा. जुन्या याद्यांमध्ये या तिघींची कामगिरी एकमेकींच्या नावावर गेलेली सहज सापडते.

दुसरं कारण सरकारी कॅलेंडर. अर्जुन पुरस्कार सुरू झाले १९६१ मध्ये. स्टेफी तोवर खेळत होत्या, त्यांना १९६३ मध्ये तो मिळाला. मेरींचे यशाचे दिवस त्याआधीच संपले होते. खाशाबांचंही तेच झालं. १९८४ मध्ये अपघातात ते गेले तोवर त्यांना अर्जुन मिळाला नव्हता, मिळाला तो मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी. पण खाशाबांकडे ऑलिंपिक पदक होतं आणि त्यांच्यामागे कुस्ती होती, तालमी होत्या, गोळेश्वर होतं. नाव जिवंत ठेवायला माणसं होती. मेरींच्या मागे असं गाव नव्हतं. त्यांच्यासाठी पत्ते खेळलेली पिढी हळूहळू पांगली, कित्येक कुटुंबं कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेला गेली. लग्नानंतर मेरी डिसोझा सिक्वेरा झालेल्या मेरीही अमेरिकेत स्थायिक झाल्या.

आणि तिसरं कारण सगळ्यात साधं. त्यांच्या मागून कुणी आलंच नाही. हेलसिंकीला चार मुली गेल्या. मेलबर्नला एक. १९६० ला रोमला एकही नाही. १९६४ ला एक, १९६८ ला एकही नाही, १९७२ ला एक, १९७६ ला पुन्हा एकही नाही. पहिलीचं नाव आठवायला दुसरी, तिसरी यावी लागते. पी. टी. उषा १९८० ला मॉस्कोत पहिल्यांदा ऑलिंपिक धावल्या, तोवर हेलसिंकीला अठ्ठावीस वर्षं उलटून गेली होती.

२००२ पासून केंद्र सरकारने ध्यानचंद पुरस्कार सुरू केला, खेळाला आयुष्यभर दिलेल्या योगदानासाठी. २०१३ मध्ये त्या यादीत मेरी डिसोझा सिक्वेरा यांचं नाव आलं. अमेरिकेतून त्या दिल्लीला आल्या. ६२ वर्षांपूर्वी ज्या शहरात त्यांनी २०० मीटरचं कांस्य जिंकलं होतं, त्याच शहरात, राष्ट्रपती भवनात, प्रणव मुखर्जींच्या हस्ते त्यांनी पुरस्कार घेतला. तेव्हा त्या ८२ वर्षांच्या होत्या.

२०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतीय मुलींनी ४ बाय ४०० रिलेमध्ये रौप्य मिळवलं, त्या संघात मुंबईची ऐश्वर्या मिश्रा होती. ४ बाय ४०० मध्ये तर भारताने २००२ पासून सलग पाच आशियाई स्पर्धांत सुवर्ण जिंकलं. पण ४ बाय १०० चं महिलांचं सुवर्ण आशियाई स्पर्धेत भारताला आजवर एकदाच मिळालंय, मनिलात, १९५४ मध्ये.